ही वस्तू कोण वापरायचं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर इतिहास निघाला की मी फोन पालथा ठेवते, कारण पंधरा मिनिटांत ते सगळं माझ्यावर येणार हे ठरलेलं असतं. वाघनखं आली तेव्हा तेच, रघुजी भोसल्यांची तलवार आली तेव्हाही तेच. "तू राहतेस ना त्या चोरांच्या देशात, मग विचार की बाकीचं कधी देताय," असं धाकटा मामा लिहितो, त्यावर आठ जण हसरे चेहरे टाकतात आणि मग कुणीतरी फुलांचा फोटो टाकून विषय बदलतं. मी उत्तर देत नाही. म्हणजे द्यायचं असतं, पण ते ग्रुपवर मावणारं नाही म्हणून इथे लिहितेय.

प्रकरण थोडक्यात असं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, ती पण कायमची नाही, तीन वर्षांच्या बोलीवर. ती महाराजांचीच का यावर रण पेटलं, कारण खुद्द त्या म्युझियमचंच म्हणणं असं की साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफला ती मिळाली असं पेटीवर लिहिलंय खरं, पण अफझलखानाच्या वेळची ती हीच, हे सिद्ध करता येत नाही. मग एप्रिल २०२५ ला लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली, राज्य सरकारने सत्तेचाळीस लाखांच्या आसपास मोजून ती घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. मला आनंदच झाला. खोटं कशाला बोलू, व्हिडिओ बघताना अंगावर काटा आला.

माझी तक्रार तलवारीबद्दल नाहीये. माझं म्हणणं आहे ते तलवारीच्या आजूबाजूला जे काहीच नाही त्याबद्दल.

मी अकरा वर्षं इंग्लंडच्या ईशान्येला, डरहम परगण्यातल्या एका लहान गावात राहते. कोळशाच्या खाणीचं गाव, आता खाण नाही. या पट्ट्यातली शेवटची खोल खाण १९९३ मध्ये बंद झाली आणि नंतर गावात राहिलं काय तर एक सुपरमार्केट, दोन चायनीज आणि जुन्या चॅपलमध्ये दोन खोल्यांचं म्युझियम. म्युझियम म्हणजे डोळ्यांसमोर काही भव्य आणू नका. छत गळतं, हीटर एकच, आठवड्यातून दोन दिवस उघडं, पगारी माणूस एकही नाही, सगळा कारभार सत्तरीपुढच्या पाच-सहा व्हॉलंटियर बायका आणि एक आजोबा बघतात. महिन्यातून एका शनिवारी तिथे "घरातलं काहीतरी घेऊन या" असा कार्यक्रम असतो. मी पहिल्यांदा गेले ते खरं तर पाऊस होता म्हणून आणि फुकट चहा म्हणून.

कार्यक्रम म्हटल्यावर माझ्या डोक्यात आपला कार्यक्रम होता. स्टेज, बॅनर, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे उशिरा, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं तासभर भाषण आणि आभार मानणाऱ्याचं त्याहून लांब. इथे स्टेजच नव्हतं. एक लांब टेबल, त्यावर जाड कापड, शेजारी छापील फॉर्म आणि टोक केलेल्या पेन्सिली. पेन चालत नाही, कारण शाई सांडली की वस्तू गेली. लोक येतात, पिशवीतून काहीतरी काढून कापडावर ठेवतात, समोरची बाई विचारते आणि लिहून घेते. झालं, एवढाच कार्यक्रम.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी पितळेचा एक गोल बिल्ला आणला होता, रुपयाहून थोडा मोठा, वर भोक आणि एक नंबर. नवऱ्याचा. खाणीत उतरताना माणूस हा बिल्ला दिव्याच्या खोलीत द्यायचा, वर आला की परत घ्यायचा, म्हणजे खाली किती जण आहेत आणि कोण आहेत हे कळायचं, आणि स्फोट झाला की कुणाचे बिल्ले तिथेच राहिले ते बघायचे. बाई हे सांगत होत्या तेवढ्यात कोपऱ्यात चहा पीत बसलेले एक गृहस्थ उठले, नंबर वाचला आणि म्हणाले, माझा याच्या पुढचा. दोघं एकाच गावात चाळीस वर्षं राहिले आणि ओळख नव्हती. कारण काय तर ८४-८५ च्या खाणकामगारांच्या वर्षभराच्या संपात एक घर शेवटपर्यंत टिकलं आणि दुसऱ्या घरातला माणूस आधीच कामावर परत गेला. इथे अजून या गोष्टीवरून माणसं बोलत नाहीत एकमेकांशी, लग्नाला जात नाहीत. ते दोघं त्या दिवशी बोलले असं नाही हं. पण एका टेबलाशी बसले, आणि समोरच्या बाईंनी दोघांचंही लिहून घेतलं, दोन वेगळ्या फॉर्मवर, कोण बरोबर ते न विचारता.

मला मुंबईचं गिरणगाव आठवलं नसतं तरच नवल. आपल्याकडे जानेवारी १९८२ ला गिरण्यांतला अडीच लाख माणूस संपावर गेला, तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही असं म्हणतात, आणि आमच्या तालुक्यात त्या संपातून परत आलेली किती तरी घरं होती. शेजारचे काका त्यातलेच. मी लहानपणी त्यांना नेहमी ओट्यावर बसलेलेच पाहिले आणि त्यांना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. मी पण नाही विचारलं. ते गेले २००९ ला.

हां, तर दुसऱ्या महिन्यात मी पण एक वस्तू नेली. आजीचा अडकित्ता. लग्नानंतर इथे येताना बॅगेत टाकला होता, का ते मला माहीत नाही, सुपारी मी खात नाही. कापडावर ठेवला तर दोन बायका एकदम ओरडल्या, "शुगर निप्स!" आणि एक आत जाऊन ड्रॉवरमधून लोखंडी चिमटा घेऊन आली. पूर्वी इथे साखर दाणेदार नसायची, मोठा कठीण सुळका यायचा आणि त्याचे तुकडे अशा चिमट्याने तोडायचे. दोन्ही शेजारी ठेवले तर चुलत बहिणी वाटाव्यात, फक्त आमचीच्या मुठीवर मोर. मी फुशारून सांगितलं की आमच्या पुण्यात केळकर संग्रहालय आहे, तिथे असे अडकित्तेच अडकित्ते आहेत, दिनकर केळकरांनी जन्मभर दिवे, दौती, फण्या, अडकित्ते असल्या घरच्या वस्तू गोळा केल्या आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केलं. बायकांना फार आवडलं.

मग फॉर्म आला. वस्तूचं नाव, बरं. कशाची, पितळ. कशासाठी, सांगितलं. कोण वापरायचं? आजी. नाव? सांगितलं. लग्नाआधीचं नाव?

आणि मी गप्प. आडनाव कसंबसं आठवलं, पण आजीचं पाळण्यातलं नाव मला माहीतच नव्हतं. आपल्याकडे नाव बदलायचे ना, सगळंच. रात्री आईला फोन केला, तिला माहीत नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले अरे हो, काहीतरी होतं खरं. स्वतःच्या आईचं! शेवटी आत्याने सांगितलं, तेही थोडं थांबून, कारण आजीने ते तिला एकदाच सांगितलं होतं. नाव इथे लिहीत नाही, फॉर्मवर आहे. महाराष्ट्रात कुठे लिहिलेलं नसेल ते डरहमच्या एका गळक्या चॅपलमधल्या फायलीत पेन्सिलीने लिहिलेलं आहे, आणि हे मला अभिमानाने सांगावं की शरमेने ते कळत नाही.

आता लगेच "तिकडे कसं छान आणि आपल्याकडे कसं वाईट" हे सुरू होणार असं वाटत असेल तर थांबा, कारण तसं नाहीये. विचारत फिरायची परंपरा आपल्याकडे यांच्या दसपट आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुने कागद गोळा करायचे, १९१० ला भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे या एका माणसाच्या छंदातून संग्रहालय उभं राहिलं आणि आज तिथे हस्तिदंताची बाई आहे, जिची बहीण शोभावी अशी मूर्ती पॉम्पेईला सापडली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ ला एका एवढ्याशा संस्थानात डोंगरावर म्युझियम बांधलं. आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांत बायकांजवळ बसून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या, एक लाखावर ओव्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी. यापुढे आमचं चॅपल म्हणजे काहीच नाही.

आणि इथलंही सांगते. आमच्या म्युझियममध्ये इंग्रजांच्या साम्राज्याबद्दल एक ओळ नाही. कोळसा कुठे जायचा, त्यावर चालणारी जहाजं कुठे जायची, याबद्दल चकार शब्द नाही. मी एकदा विचारलं तर "तो आपला विषय नाही गं, आपलं गावापुरतं" असं गोड उत्तर मिळालं. गावापुरतं हा फार सोयीचा शब्द आहे. शिवाय कौन्सिलने अनुदान कापलंय, तरुण पोरं फिरकत नाहीत, या सहा जणी गेल्या की कुलूप लागणार हे त्यांनाही माहीत आहे. जवळच बीमिशला मोठं उघड्यावरचं म्युझियम आहे, तिथे फ्रँक ॲटकिन्सन नावाच्या माणसाने ते उभं करताना लोकांना सांगितलं होतं की तुम्ही जे द्याल ते आम्ही घेऊ, निवडणार नाही, आणि लोकांनी अक्षरशः घरं रिकामी केली. २०२५ चा म्युझियम ऑफ द इयर पुरस्कार त्यांना मिळाला. पण त्यांच्याकडे पैसा आहे, ट्राम आहे, शाळांच्या सहली आहेत. आमच्याकडे बिस्किटं.

आमच्या तालुक्याच्या गावीही संग्रहालय आहे बरं का. मागच्या सुट्टीत लेकीला घेऊन गेले. शिपायाने किल्ली शोधली, आम्ही ज्या खोलीत जाऊ तिथला दिवा लावायचा, आम्ही बाहेर पडलो की बंद करायचा. "फोटो नको." वीरगळ उन्हात, पाटीवर "वीरगळ" एवढंच, कुठल्या गावचा, कुणी आणला, काही नाही. लेकीने विचारलं हे कोण आहेत, तर तो बिचारा म्हणाला, साहेबांना माहीत असेल, ते मंगळवारी येतात. मला त्याचा राग नाही आला. जानेवारी २००४ ला एका पुस्तकाच्या वादावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला, ते ज्या राज्यात झालं तिथे संग्रहालयातला माणूस तोंड बंद ठेवायला शिकणारच, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर उद्या दारात कोण उभं राहील सांगता येत नाही. त्यापेक्षा दिवा बंद केलेला बरा.

पण म्हणूनच मला वाटतं की टेबल आणि पेन्सिल आपल्याला जास्त लागतात, यांच्यापेक्षा. महाराजांची तलवार कुणाची यावर आपण भांडू, भांडावंच, पण जात्याचा खुंटा कुणाच्या हातात होता यावर कोण मोर्चा काढणार आहे? नाही म्हणायला इथे एक खाच आहे. "घरातलं काहीतरी आणा" म्हटल्यावर पहिल्यांदा वाड्यातली समई येणार, चांदीचा अत्तरदाणीचा सेट येणार, देशमुखांची बंदूक येणार. ज्यांच्या घरात ठेवण्यासारखं काही राहूच दिलं नाही त्यांनी काय आणायचं? डरहमच्या खाणकामगाराकडे निदान बिल्ला होता. म्हणून माझं मत असं की वस्तू सक्तीची नको, आठवण आणली तरी फॉर्म भरायचा. आणि टेबल गावाच्या एकाच टोकाला लावायचं नाही.

माणसं येतील का, हा प्रश्न तर मला पडतच नाही. ज्या लोकांनी १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालवली आणि ज्यांची पोरं दिवाळीला अंगणात मातीचा प्रतापगड बांधून त्यावर अळीव पेरतात त्यांना इतिहासाची आवड लावायला कशाला हवी? आवड उतू चाललीय. फक्त आपण ऐकायला बोलावतो, सांगायला बोलावत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू एक वर्ष संग्रहालयाच्या पडवीत करा म्हणावं, आणि वाण लुटण्याआधी प्रत्येकीला माहेरचं नाव विचारा.

हे सगळं मी मामाला सांगितलं नाही, आत्याला सांगितलं. ती ऐंशीची आहे. तिने दुसऱ्या दिवशी माळ्यावरची मापं उतरवून फोटो पाठवले, पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, सगळी ओळीने, आणि विचारलं की ही कुणाला देऊ. मी इथून तालुक्याच्या संग्रहालयात फोन लावला, तिसऱ्या वेळी उचलला, म्हणाले अर्ज द्या, वरून मंजुरी यावी लागते. किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाले तसं काही सांगता येत नाही. आत्याला कळवलं. ती म्हणाली, "बरं. मग तोवर शेराने तांदूळ मोजते, मोकळाच पडलाय."