मृत्युपत्र केलंय ना? मग एकदा उघडून वाचा

मृत्युपत्र करून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. पण एकदा सह्या झाल्या, पाकीट लॉकरमध्ये गेलं आणि विषय संपला, हे मला पटत नाही. मधल्या वर्षांत घरातलं कुणी जातं, कुणाचा घटस्फोट होतो, जमीन विकली जाते. कागद मात्र जुनंच बोलत राहतो.

मला सगळ्यात आधी बायकांबद्दल बोलायचंय. स्वतःच्या पगारातून घर घेतलेल्या, मूलबाळ नसलेल्या कितीतरी जणी ‘माझ्या पश्चात सर्व काही पतीस’ एवढंच लिहून ठेवतात. पती आधी गेला की ते लिहिणं निष्फळ ठरतं. मग लागू होतं हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 चं कलम 15. त्यानुसार अशा स्त्रीच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो.

2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. लग्नानंतर तीन महिन्यांतच एका बाईचा नवरा वारला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. गेली तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. तिची बँकेतली आणि प्रॉव्हिडंट फंडातली रक्कम मिळाली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना! कायदा स्पष्ट असताना केवळ सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल वाचल्यापासून मी ओळखीतल्या, नवरा गेलेल्या प्रत्येक बाईला सांगते: त्यांच्या पश्चात पेन्शनचे फॉर्म भराल, त्याच सुमारास मृत्युपत्रही नव्याने करा. अशा वेळी हे बोलणं जड जातं, तरी बोलायलाच हवं.

दुसरी गोष्ट पुनर्विकासाची. मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली जुन्या इमारती पडताहेत. मृत्युपत्रात असतं ‘दुसरा मजला, फ्लॅट क्रमांक 7’. नवा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, क्षेत्रफळ वेगळं, शिवाय कॉर्पसची, म्हणजे पुनर्विकासात बिल्डरकडून मिळणारी रक्कम, जिचा मृत्युपत्रात उल्लेखच नाही. भावंडांत वाद व्हायला एवढं पुरतं. बिल्डरच्या करारावर सही कराल, तेव्हाच मृत्युपत्रही बदला. ‘या जागेच्या बदल्यात मिळणारी जागा व रक्कम’ असं त्यात स्पष्ट येऊ द्या.

“नॉमिनी लावलाय, मग काय?” हे उत्तर मला नेहमी मिळतं. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी आपोआप मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलंय. सोसायटीतला नॉमिनीही कायदेशीर वारस ठरेपर्यंतच असतो. (विम्यात आईवडील, पती-पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर 2015 पासून नियम वेगळा आहे.) म्हणून नॉमिनी बदलला की मृत्युपत्र बघा, मृत्युपत्र बदललं की नॉमिनी.

लग्नाचंही तसंच. ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीने लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, हिंदूंचं होत नाही. हिंदूंचा घटस्फोट झाला तरी ते आपोआप रद्द होत नाही. दुसरं लग्न झालं, तरी कागदावर पहिल्या जोडीदाराचं नाव तसंच राहतं.

बदल करणं फार अवघड नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी मी करा म्हणेन. पहिलं नोंदणीकृत असलं, तरी नंतरचं साधं पण रीतसर केलेलं मृत्युपत्र त्याला रद्द करू शकतं, म्हणून तारीख ठळक घाला आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य विसरू नका. किरकोळ दुरुस्तीला पुरवणी मृत्युपत्र पुरतं, पण त्यालाही दोन साक्षीदार लागतात. पुरवणीवर पुरवणी जोडत बसण्यापेक्षा अख्खं नव्याने लिहिलेलं बरं.

आणि साक्षीदार आपल्या वयाचे मित्र नकोत. पुढे कोर्टात उभं राहून ‘हो, माझ्यासमोर सही केली’ असं सांगायला ते हयात लागतात. जुन्या कागदावरचे दोघेही गेले असतील, तर बाकी काही बदललं नसलं तरी नवं मृत्युपत्र करा.