'हिने', 'पिक इट अप' आणि तुमचा आक्षेप

सर, इंग्लिशच्या शब्दक्रमावरच्या माझ्या पोस्टवर केलेल्या कमेंटबद्दल थँक्स, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल सॉरी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की इंग्लिशमधले विभक्तीचे प्रत्यय झडले म्हणून शब्दांचा क्रम पक्का झाला, त्यात मी बोलण्याचा ताल (कुठल्या शब्दावर जोर, कुठल्यावर नाही) उगाच घुसडलाय, आणि पहिल्या अक्षरावरच्या जोरानेच प्रत्यय झडले म्हणावं तर आइसलँडिकमध्येही तोच जोर आहे, मग तिथे चारही विभक्त्या शाबूत कशा?

आइसलँडिकचा मुद्दा बिनतोड. जोरामुळे शेवटचे स्वर पुसट झाले हे खरं पण तेवढ्याने भागत नाही, उत्तर इंग्लंडात नॉर्स (व्हायकिंगांची भाषा) बोलणाऱ्यांशी रोजचा संबंध होता त्याचाही हात असणार. मी ते एका वाक्यात गुंडाळलं, चूक माझी.

पण मूळ मुद्दा सोडत नाही, शब्दांच्या क्रमात तालाचाही हात असतो. प्रत्यय धडधाकट होते तेव्हाचं जुनं इंग्लिश बघा. त्यात 'हिने' म्हणजे 'त्याला' (आपल्या 'हिने'शी काही संबंध नाही, मीही पहिल्यांदा फसलो होतो). हे कर्म आहे हे रूपावरूनच कळतं, कुठेही ठेवा, गोंधळ व्हायचा नाही, तरी ते बऱ्याचदा क्रियापदाच्या आधी येतं आणि त्याच्याऐवजी लांबलचक नाम असलं की ते खुशाल मागे जातं. प्रत्यय झडले नव्हतेच, मग हे कशामुळे? जोर नसलेले शब्द वाक्याच्या सुरुवातीकडे सरकतात हे वाकरनागेल या भाषाशास्त्रज्ञाने १८९२ मध्येच मांडलं होतं, आणि आपल्याला ते संस्कृतातून माहितीये, 'च' (आणि), 'मे' (मला, माझं), 'ते' (तुला, तुझं) कधी वाक्याच्या तोंडी येतात का? १९३३ मध्ये हान्स कून या भाषाशास्त्रज्ञाने जुन्या जर्मॅनिक (इंग्लिश, जर्मन, आइसलँडिक यांचं कूळ) कवितेत अशाच हलक्या शब्दांचा नियम दाखवला. कवितेवरून बोलभाषा ठरवू नका म्हणाल, मान्य, पण 'हिने'ची ही सवय गद्यातही आहे.

आणि आजचं बघा ना. 'पिक अप द बुक' चालतं, 'पिक द बुक अप'ही चालतं, पण 'इट' आलं की फक्त 'पिक इट अप'. सर्वनाम आहे म्हणून, असं म्हणाल तर 'दॅट'वर जोर देऊन 'पिक अप दॅट' म्हणून बघा, लगेच चालून जातं. म्हणजे अडतं ते जोरापाशी. तसंच 'हिअर कम्स द बस', पण 'हिअर इट कम्स'. दोन्हीकडे कर्ताच आहे, प्रत्यय कुठेच नाही, मग क्रम का उलटला? तुमच्या थिअरीत हे कुठे बसतं ते लिहा, खरंच वाचायचंय.