म्हणे शेतातलं खत तलावात जातच नाही

सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तलाव-नद्यांत शेवाळ माजतं ते शहरांच्या सांडपाण्यामुळे. खत महाग असतं, ते वाहून जाऊ द्यायला शेतकरी खुळा नाही. खत कमी केलं की उत्पन्न बुडतं. काठाला गवताचे पट्टे ठेवणं म्हणजे चांगली जमीन घालवणं. आणि इतकं करूनही पाणी कुठे सुधारलंय? मजकूर शेतकऱ्याच्या बाजूचा वाटतो, म्हणून पटकन पुढे ढकलला जातो. एकेक मुद्दा घेऊ.

सांडपाण्याचा मुद्दा निम्मा खरा आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर 1960च्या दशकात हिरवंगार पडलं होतं, आणि तेव्हा मोठा दोष सांडपाण्याचा आणि कपडे धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटचाच होता. 1972 मध्ये दोन्ही देशांनी करार केला, सांडपाण्यातलं स्फुरद (शेवाळाला पोसणारं फॉस्फरस) घटवलं आणि सरोवर सावरलं. मजकूर इथेच थांबतो. पुढची गोष्ट अशी की 1990च्या दशकाच्या मध्यापासून शेवाळ परत आलं. या वेळी स्फुरद मुख्यतः सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीतून येत होतं, आणि त्या नदीचं पाणलोट क्षेत्र बहुतांश शेतजमिनीचं आहे. ऑगस्ट 2014 मध्ये याच सरोवराचं पाणी पिणाऱ्या टोलीडो शहराच्या नळाच्या पाण्यात शेवाळाचं विष सापडलं. सुमारे 4 लाख लोकांना पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही ते विष जात नाही.

आता ‘शेतकरी खुळा नाही’ हा मुद्दा. खुळा नाहीच, पण इथे प्रश्न शहाणपणाचा नसून प्रमाणाचा आहे. समजा, एका हेक्टरातून वर्षाला फक्त 1 किलो स्फुरद वाहून गेलं. पिकाला फरक पडत नाही, खिशालाही कळत नाही. त्याच हेक्टरावरून 300 मिलिमीटर पाणी वाहून गेलं असेल, तर ते होतं 30 लाख लिटर. म्हणजे दर लिटरमागे 0.33 मिलिग्रॅम स्फुरद. तलाव हिरवा पडायला लिटरमागे 0.03 मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. जे नुकसान शेतकऱ्याच्या हिशेबात दिसतच नाही, ते तलाव हिरवा पडायला पुरेल त्याच्या दहापट असतं. त्यातही वर्षभराचं बरंचसं स्फुरद मोजक्या मोठ्या पावसांतच जातं. खत वरून फोकलं आणि दुसऱ्याच दिवशी मुसळधार पाऊस झाला, की संपलं. तेच खत पेरून मातीआड दिलं तर बरंचसं जागेवर राहतं. (ईरीच्या पाणलोटात माती वाचवायला नांगरट कमी झाली, पण खत वरूनच पडत राहिलं. माती थांबली, स्फुरद वरच्या थरात साचलं आणि विरघळून वाहू लागलं. शेवाळ परतण्यामागे हेही एक कारण मानलं जातं. एक दुखणं बरं करताना दुसरं वाढतं ते असं.)

उत्पन्न बुडतं? डेन्मार्कने 1987 मध्ये राष्ट्रीय आराखडा करून नत्राला (खतातल्या नायट्रोजनला) चाप लावला. शेणखतातलं नत्र खताच्या हिशेबात धरायला लावलं, ते साठवायला टाक्या बांधायला लावल्या, पेरणीच्या हंगामाबाहेर ते शेतात टाकणं रोखलं. पुढच्या दोन दशकांत समुद्रात जाणारं नत्र जवळपास निम्म्यावर आलं, आणि तिथली शेती काही बुडाली नाही. अर्थात मर्यादा फार आवळल्यामुळे धान्यातली प्रथिनं घटल्याची तक्रार झाली आणि 2016 मध्ये त्या सैल कराव्या लागल्या. तेव्हा ‘कितीही कमी करा, काही होत नाही’ असंही मी म्हणणार नाही.

पट्ट्यांचं उत्तर छोटं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मका-सोयाबीनच्या शेतांवर 2007 पासून चाललेल्या प्रयोगात सुमारे 10 टक्के जमिनीवर देशी गवतांचे पट्टे ठेवले, तर वाहून जाणारी माती 95 टक्क्यांनी घटली. पट्टा कुठे ठेवायचा हे महत्त्वाचं, आणि बहुतेकदा तो कमी पिकणाऱ्या कोपऱ्यातच बसतो. मात्र जमिनीखालच्या निचऱ्याच्या पाइपांतून जाणाऱ्या नायट्रेटला (पाण्यात विरघळलेल्या नत्राला) पट्टा अडवत नाही. तिथे लाकडाच्या ढलप्या भरलेला चर लागतो, ज्यातले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात.

‘पाणी कुठे सुधारलंय’ याला ईरीचा पहिला अध्याय आणि डेन्मार्क ही उत्तरं आहेत. वेळ लागतो हे खरं, कारण भूजलातलं नायट्रेट नदीपर्यंत पोचायला कधी कधी दशकं जातात आणि तळाच्या गाळातलं जुनं स्फुरद वर येत राहतं.

मजकुरामागची खरी चीड मात्र रास्त आहे: पाणी सगळ्यांचं, मग खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा? न्यूयॉर्क शहरापुढे 1990च्या दशकात हाच पेच होता. शहराचं पाणी कॅट्सकिलच्या डोंगरांतल्या गोठ्या-कुरणांतून येतं. शहराने आधी कडक नियमांचा मसुदा काढला, शेतकऱ्यांनी तो धुडकावला. मग ठरलं असं की शेतकऱ्यांच्याच नेतृत्वाखाली परिषद नेमायची, सहभाग ऐच्छिक ठेवायचा, प्रत्येक शेताचा वेगळा आराखडा करायचा आणि पैसे शहराने द्यायचे. ओढ्याला कुंपण, गुरांना पाण्याची वेगळी सोय, शेण कुठल्या शेतात कधी टाकायचं याचं वेळापत्रक, अशी ती कामं. त्या डोंगरांतलं पाणी आजही महागड्या गाळणी प्रकल्पाशिवाय शहराला पुरवलं जातं.