मुनीमानंच मारलंय

काल दुपारी कोल्हापुरात महाद्वार रोडमागच्या गल्लीतून मी 380 रुपयांची एक रहस्यकादंबरी विकत आणली. खून कुणी केला ते मला ठाऊक आहे. पैसे देण्याआधीपासून ठाऊक आहे.

मे महिन्यासाठी चार पुस्तकं निवडायची होती. आमच्याकडं आंबा आणि पुस्तकं एकाच खात्यातून येतात, त्यामुळं पेटीचा भाव कळल्यावर चाराचं एक झालं. आता एकच घ्यायचं म्हटल्यावर माणूस चाळून बघणार की नाही? पण हल्ली पुस्तकं साबणाच्या वडीसारखी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. उघडी प्रत एकच होती, तीच मी उचलली.

पंख्याखालच्या एकुलत्या एक स्टुलावर एक काका बसले होते. पांढरी टोपी, करकर वाजणारी कापशी चप्पल, हातात उसाच्या रसाचा ग्लास. काकी शेजारच्या साडीच्या दुकानात. "दीड तास झाला, अजून काठच बघत्यात," असं त्यांनी न विचारता सांगितलं. मग माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, गुळाच्या ढेपेसारखं तळहातावर तोललं, अंगठा जिभेला लावला आणि थेट शेवटचं पान उघडलं.

"मुनीमानं मारलंय बघा."

मला आधी कळलंच नाही.

"म्हातारीला वो. मुनीमानं. हितं लिवलंय की."

"अहो काका, शेवट कशाला सांगितलात?"

"मग? शेवट बघितल्याबगार घेताय काय पुस्तक? म्हस घेताना दात बघत न्हाई व्हय?"

लहानपणी लायब्ररीच्या एका पुस्तकात कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून रहस्यकथा मी विकतच घेतो. हे मी काकांना जरा चढ्या आवाजात ऐकवलं. काकांनी ग्लास रॅकवर ठेवला. विवेकानंदांच्या चरित्रावर.

"पाव्हणं, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी मृत्युंजय लिवलं. 1967 ला. कर्ण मरतोय हे लोकांस्नी ठावं न्हवतं? कोवाडच्या रणजित देसायांचं स्वामी. त्यात माधवराव जगत्यात काय? नेर्ल्याच्या विश्वास पाटलांचं पानिपत घ्या. कोण हरलं त्यात?"

"आपण."

"मग! समदी आपल्या जिल्ह्याची माणसं. शेवट आधी म्हाईत, तरी उशाएवढी पुस्तकं लोकं रात रात जागून वाचत्यात. आन् तुमचं एका मुनीमावर अडलंय."

यावर काय बोलणार? रात्री अकरा वाजता गादीवर पडल्यावर मला एक चांगलं उत्तर सुचलं, ते इथं देऊन उपयोग नाही.

मी पुस्तक मुकाट्यानं रॅकमध्ये सरकवायला लागलो, तर दुकानदारानं हात केला. शेवटच्या पानावर रसाचा अंगठा उमटला होता, अगदी सात-बाऱ्यावर मारावा तसा. "साहेब, हे आता कोण घेणार?" मी काकांकडं बोट दाखवलं. "ते गिऱ्हाईक नाहीत, बसलेत नुसते," तो म्हणाला. म्हणजे अंगठा त्यांचा, पुस्तक माझं. सूट मागितली तर दहा टक्के आधीच धरलीय म्हणाला. आता 380 रुपयांत किलोभर मटण येत नाही हे मान्य, पण मटण घेताना कुणी उष्टं करून देत नाही.

काकी आल्या, पाच पिशव्या घेऊन. काका उठले आणि जाता जाता माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "वाचून सांगा कसं हाय ते." कुठं सांगू?

काल रात्रीपासून वाचतोय. मुनीम पहिल्या पानापासून सज्जन आहे. नाकावर चष्मा, घरात कुणी काही म्हटलं की "होय जी". घरातली बाकीची आठ माणसं संशयास्पद वागण्यासाठी जिवाचं रान करतायत, पण माझं त्यांच्याकडं लक्षच नाही. आत्ता पान 112 वर त्यानं म्हातारीला दूध गरम करून दिलंय, वर जायफळही किसलंय. तिनं अजून पेला तोंडाला लावलेला नाही.