अँबेसेडर लग्नात मिरवायला नाही, रोज दारव्ह्याला जायला आहे

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुतण्यानं टाकलं, "काका, कायले त्या अँबेसेडरच्या इन्शुरन्सवर पैसे घालवून राहिले, एक तं भंगारात द्या नाहीतं व्हिंटेज करून टाका." खाली लगेच सगळ्यांचे अंगठे. वरून मेहुण्यानं जोडलं की जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स मिळतच नाही, थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणारा) काढा अन् मोकळे व्हा, तिकडचे लाड इकडं आणू नका. मी राहतो इंग्लंडात, त्यावरून हे 'तिकडचे लाड', ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

गाडी बाबांची. 1986 ची, 1489 सीसीची पेट्रोल अँबेसेडर. दारव्ह्यापासून आत आमचं गाव आहे, तिथं भाऊ ती रोज चालवतो. डिक्कीत फवारणीचा पंप, मागच्या सीटवर बियाण्याच्या थैल्या, अन् आईला यवतमाळला डॉक्टरकडं न्यायचं तर हीच, कारण तिचे गुडघे वाकत नाहीत आणि हिच्यात ती खुर्चीत बसल्यासारखी बसते. अशी गाडी भंगारात कशासाठी द्यायची? दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या बंदीचं जे चालू होतं ते दिल्लीच्या भागापुरतं होतं, आपल्याकडं री-रजिस्ट्रेशन करून रीतसर चालवता येते आणि आमची केलेली आहे.

आता व्हिंटेजचं. 2021 चा नियम पुतण्यानं वाचलेला दिसत नाही. गाडी 50 वर्षांच्या वर पाहिजे, म्हणजे आमचीला 2036 उजाडणार. तेव्हा 20 हजार भरून व्हिंटेज गाड्यांचा व्हीए सिरीजचा नंबर घेतला तरी ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढताच येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे आईची गाडी आपण होऊन दारात उभी करायची आणि त्याला मान म्हणायचं.

मी इथं कॉव्हेंट्रीत 1969 ची मॉरिस मायनर चालवतो, कामावर रोज तिनंच जातो. ती हिस्टॉरिक म्हणजे जुन्या गाड्यांच्या क्लासमध्ये आहे, टॅक्स शून्य, एमओटी म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी माफ (मी तरी दरवर्षी करून घेतो, हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ खालून सगळं खातं). पण हिस्टॉरिक झाली म्हणून रोज चालवू नको असं कोणी म्हणत नाही. इन्शुरन्सवाल्यांनी फोटो मागितले, रात्री कुठं ठेवता विचारलं, वर्षाचे मैल विचारले, घरात दुसरी गाडी आहे का विचारलं. मी कम्युटिंग, म्हणजे रोज कामावर जाणं, स्पष्ट लिहायला लावलं, प्रीमियम थोडा वाढला, पण किंमत आधीच ठरली, अॅग्रीड व्हॅल्यू. उद्या गाडी गेली तर बाजारभावावरून भांडण नाही. इथंही बऱ्याच कंपन्या रोजच्या वापराला नाही म्हणतात, पण विचारत गेलं की देणारा सापडतो. आणि रोज चालणारी गाडीच नीट राहते. मायनरच्या पुढच्या चाकाला खाली ट्रनियन नावाचा सांध्याचा भाग असतो, त्याला वेळेवर ग्रीस नाही मारलं तर चालत्या गाडीचं चाक मोडून आडवं पडतं, आणि उभ्या गाडीला कोण ग्रीस मारतो.

मेहुण्याला हे सांगायचंय की आपल्याकडंही हे कागदावर आहेच. पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. अँबेसेडर बंगालमधल्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात 2014 मध्येच बंद झाली, म्हणजे आमची दोन्हीत बसते. कंपन्या टाळतात हे खरं आहे, एजंटला थर्ड पार्टी फाडून देणं सोपं पडतं. पण टाळतात आणि मिळतच नाही यात फरक आहे ना!

थर्ड पार्टी तर काढायचीच, जून 2022 च्या दरानं या सीसीला 3,416 रुपये, समोरचा माणूस मेला किंवा जखमी झाला तर तीच उभी राहते. पण आपल्या रस्त्यावर समोर माणूस कुठं असतो नेहमी? रात्री दारव्ह्याहून येताना तुरीतून रोही (नीलगाय) येतो सरळ बॉनेटवर. रानडुक्कर येतं. गारपीट होते. यातल्या कशालाच थर्ड पार्टी एक रुपया देत नाही, सगळं ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या इन्शुरन्समध्ये येतं.

आणि ओन डॅमेज घेतला तरी आकडा बघून. मागच्या वेळी एका कंपनीनं 40 हजार आयडीव्ही लिहिली आणि भाऊ 'ठीक आहे' म्हणत होता, प्रीमियम कमी म्हणून. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे 40 हजारांवर 30 हजार. एक रोही धडकला, बॉनेट, जाळी, रेडिएटर, एक मडगार्ड, वरून डेंटिंग-पेंटिंग, की झाली गाडी खलास, इंजिन ठणठणीत असताना. त्यात दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी पार्टवर 50 टक्के घसारा कापतात तो वेगळाच. म्हणून मी आकड्यासाठी भांडतो, हौस म्हणून नाही.

अजून एक, लग्नाला पैसे घेऊन द्यायची नाही. खाजगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही, वरातीत काही झालं तर क्लेम गेला. मागच्या उन्हाळ्यात नाही म्हटलं तर मागणारे माझ्यावरच रुसले, विलायतेत राहून कायदा शिकवतो म्हणे.

तेच मनाला लागतं. बाबा गेल्यावर वावर भावाच्या नावावर झालं, ते बरोबरच झालं, कसतो तो. आरसी माझ्या नावावर आली. गावात माझ्या नावाचं तेवढंच आहे. पॉलिसीत ओनर-ड्रायव्हरचा 15 लाखांचा पीए (अपघात विमा) माझ्या नावानं, आणि स्टिअरिंगवर भाऊ. भावाच्या नावानं वेगळा पीए जोडायला लावला तेव्हा मेहुणा म्हणाला, मग गाडीच त्याच्या नावावर करून टाका ना. त्याचं चुकीचं नव्हतं, तरी मी उत्तर दिलं नाही आणि अजून देणार नाही. आई फोनवर 'गाडीनं जाऊन आलो' म्हणते तेव्हा मला वाटतं मी नेलं तिला. कोणी 'तिकडचे' म्हटलं की ते माझ्याकडून काढून घेतल्यासारखं होतं.

तर पुतण्या, रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. गाडी धुऊन चारही बाजूंनी, इंजिनचे, चेसिस नंबरचे, खालच्या पत्र्याचे उजेडात फोटो काढ. मिस्त्रीकडची बिलं शोध, बाबांच्या ट्रंकेत निळ्या फायलीत आहेत. यवतमाळच्या सर्व्हेअरकडून व्हॅल्युएशन लिहून घे आणि आयडीव्ही दीड लाखाच्या खाली मान्य करू नको. एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरीला विचार. एजंट थर्ड पार्टीच देतो म्हणाला तर मला फोन लावून दे, इथले सकाळचे पाच वाजले असले तरी चालेल.