छत्तीसचा आकडा

माझा भाचा म्युनिकला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत पुण्याला येताना त्याने चॉकलेटं आणली नाहीत, सायकलची फ्रेम आणली. पोलादी, फिकट निळी, इटलीत बनलेली, माझ्याहून पाचसात वर्षांनीच लहान. बायकोने गुंडाळलेला कागद काढला, फ्रेम उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "बाकीची कुठाय?"

बाकीची मी जमवायची होती. चाकं, हँडल, ब्रेक जमले. राहिला क्रँक. म्हणजे पायडलांच्या दोन दांड्या, उजव्या दांडीवरच्या दातेरी चकत्या आणि दोन्हींना जोडणारा आस. आमच्या लहानपणी यात काही विद्या नव्हती. कॉटर नावाची एक पाचर असे, ती हातोडीने ठोकली की क्रँक बसला. कुरकुरायला लागला की पुन्हा ठोकायची. वर्षातून एकदा सायकल 'ओव्हरऑइल'ला टाकायची. या शब्दाचा तेलाशी काही संबंध नाही, तो ओव्हरहॉल आहे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

त्यामुळे मी बेधडक दुकानात गेलो आणि शिमानो या जपानी कंपनीचा क्रँक मागितला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "सर, बीबी कुठली आहे?"

मी म्हणालो, "साताऱ्याची."

तो हसला नाही. त्याला बॉटम ब्रॅकेट म्हणायचं होतं. फ्रेमच्या पोटात एक आडवी नळी असते, तिच्या दोन्ही तोंडांना कप बसतात, कपांत छर्रे आणि छर्‍यांवर आस. हे सगळं मिळून बीबी. मग त्याने प्रकार मोजायला सुरुवात केली: बीएसए, बीबी३०, पीएफ३०, बीबी८६, टी४७. मी नंतर नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं की बीबी३० मधले तीस मिलिमीटर हे आसाच्या जाडीचे, बीबी८६ मधले शहाऐंशी हे नळीच्या रुंदीचे (तेही खरे साडेशहाऐंशी) आणि टी४७ मधले सत्तेचाळीस हे आट्यांच्या व्यासाचे. एकाच बिर्‍हाडातल्या तीन भावांना एकाने उंचीवरून, दुसर्‍याने वजनावरून आणि तिसर्‍याने कॉलरच्या मापावरून हाक मारावी, तसं. ही नावं ठेवणारे कधी एका खोलीत बसले असतील असं वाटत नाही.

"नेहमीची द्या," मी म्हणालो. नेहमीची म्हणजे बीएसए. नाव ऐकून मला गहिवरून आलं, कारण आठवीत मला बीएसए एसएलआर सायकल मिळाली होती. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळची बंदुका करणारी मंडळी, हे तेव्हा कळलं असतं तर वर्गात माझी पत जरा वाढली असती. असो. कप घेतले, सोळा खाचांचा खास पाना घेतला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "अर्ध्या तासाचं काम आहे."

नवे कप बसवण्याआधी जुने काढायला हवेत. डावा मुकाट्याने निघाला. उजवा हलेना. उजव्या कपाचे आटे उलटे असतात, हे मला पाठ होतं. फार सुंदर कारण आहे त्याला. सैल मुठीत पेन्सिल धरा आणि तिचं टोक गोल फिरवा. मुठीत पेन्सिल उलट्या दिशेने लोळते. आस फिरताना कपालाही अशीच उलटी लोळण लागते, म्हणून उजवीकडे उलटे आटे देतात, नाहीतर पायडल मारता मारता कप सुटत जाईल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात तेही याचसाठी. हे सगळं मी वरच्या मजल्यावरच्या काकांना समजावलं. ते पिंपरीच्या एका कारखान्यातून टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, घरी गेले आणि दोन फूट लांबीचा लोखंडी पाइप घेऊन आले.

पाइप पान्यावर चढवला. मी फ्रेमवर बसलो, काकांनी पाइप दाबला. कप हलला नाही, मी हललो. मग ते बसले, मी दाबला. मग रॉकेल घातलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी घराला स्टोव्हच्या जमान्यातला वास आणि कप जागच्या जागी. काका म्हणाले, "गंजलाय." हे वाक्य निवृत्त माणूस ज्या सुरात म्हणतो त्या सुरात ते म्हणाले, त्यामुळे मी विषय वाढवला नाही.

शेवटी फ्रेम खांद्याला अडकवून पेठेतल्या सायकलवाल्या मामांकडे गेलो. चाकाचा आऊट काढणं असो की पंक्चर, मामा ग्राहकाकडे न बघता काम करतात. त्यांनी फ्रेमकडेही बघितलं नाही. बाकाला लावलेल्या शेगड्यात कपाच्या दोन सपाट बाजू घट्ट पकडल्या आणि म्हणाले, "साहेब, कप नाही फिरवायचा. फ्रेम फिरवायची."

तो क्षण मोठा होता. एकीकडे मामा, एकीकडे मी, मध्ये आडवी फ्रेम, आणि आम्ही दोघं जातं ओढावं तसे फिरतोय. ओवी तेवढी म्हणायची बाकी होती. रस्त्यावरचे दोघं थांबले, तिसर्‍याने स्कूटर स्टँडला लावली. अर्धा फेरा झाला. मामा म्हणाले, "सुटतंय." मी म्हणालो, "सुटतंय." मग आणखी हलेना. मामांनी फडक्याने घाम पुसला, त्याच फडक्याने कप पुसला आणि पहिल्यांदाच वाकून बघितलं. ग्रीसखालून आकडे वर आले: ३६ × २४.

"छत्तीसचा आकडा आहे साहेब," मामा म्हणाले. "उलटं फिरवून बघू."

उलटं म्हणजे सुलटं. फेर्‍यांचा हिशेब आता आठवत नाही, पण दुसर्‍या झटक्यात कप लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. थोडक्यात सांगायचं तर दोन दिवस, दोन पुरुष, दोन फुटी पाइप आणि अर्धा लिटर रॉकेल खर्चून आम्ही तो कप घट्ट करत होतो. काका अजून या भागावर बोलत नाहीत.

पुढचा प्रकार घरी घडला. बीएसएचा नवा कप हातात घेतला, आट्यांना ग्रीस लावलं, नळीच्या तोंडाशी धरला आणि तो आत गेला. फिरवावा नाही लागला. नुसता आत गेला, ढेकर दिल्यासारखा आवाज करून. बाहेर काढला, पुन्हा घातला, पुन्हा गेला. तेव्हा मी संगणक उघडला.

इटालियन फ्रेमचे आटे ३६ मिलिमीटर व्यासाचे, आणि इंचाला चोवीस. व्यास मिलिमीटरमध्ये आणि आटे इंचात, म्हणजे धोतरावर कोट. बीएसएचे इंचाला चोवीसच, पण व्यास १.३७ इंच, म्हणजे पावणेपस्तीस मिलिमीटरच्या आसपास. सव्वा मिलिमीटरचा फरक, आणि संसार होत नाही. बीएसएची नळी ६८ मिलिमीटर रुंद, इटालियन ७०. आणि मुख्य गोष्ट, इटालियन फ्रेमला दोन्हीकडे सुलटेच आटे. पेन्सिलीचं ते सुंदर कारण त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी बहुधा एवढंच ठरवलं की कप मुळातच इतका आवळायचा की त्याने लोळायचं नाव काढू नये. आमच्याकडे पत्रिकेत छत्तीस गुण जुळले की पेढे वाटतात आणि भांडणालाही छत्तीसचा आकडाच म्हणतात. या नळीला दोन्ही अर्थ लागू होते.

इटालियन मापाचे शिमानोचेच कप मागवले. ते आठवड्याने आले. आता आवळण्याचा प्रश्न. पत्रकात लिहिलं होतं, ३५ ते ५० न्यूटन-मीटर, म्हणजे पिळण्याच्या जोराचं माप. असं मोजून आवळणारा पाना मिळतो, पण त्याची किंमत बघून मी दहावीचं भौतिकशास्त्र आठवलं. पंचवीस सेंटिमीटरच्या पान्याला टोकाशी सोळा किलो लटकवले तर साधारण चाळीस न्यूटन-मीटर होतात. घरात सोळा किलो कशाचे असणार? इंद्रायणी तांदूळ दहा, कणीक पाच, तूरडाळ एक. तिन्ही एका पोत्यात भरले, पान्याच्या टोकाला बांधले, फ्रेम दोन स्टुलांमध्ये धरली आणि पोतं हळूहळू सोडलं.

बायको बाहेर आली. थोडा वेळ नुसती बघत राहिली. "अहो, कुकर लावायचाय."

"दोन मिनिटं. दुसरी बाजू राहिलीये."

"तांदूळ तरी काढून द्या."

"तांदूळ काढले तर पंधरा न्यूटन-मीटरच राहतील."

त्या दिवशी आम्ही सव्वादोनला जेवलो.

बाकीचं मात्र खरंच सोपं निघालं. उजवी दांडी आसासकट आरपार गेली, डावी त्या आसाच्या खाचांवर बसली. तिच्या तोंडावर प्लॅस्टिकचं एक झाकण लावायचं असतं, जेमतेम एक न्यूटन-मीटर, सरबताच्या बाटलीचं लावतो तेवढं. काका पक्कड घेऊन पुढे आले होते, त्यांना चहाला बसवलं. मग दांडीचे दोन स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे, एकदम एकच नाही. हे बारा ते चौदा. इथे मी डाळ-तांदूळ न वापरता मनगटाच्या भरवशावर राहिलो. क्रँक बोटाने ढकलला. तो फिरला, फिरतच राहिला, अजिबात आवाज न करता. बायकोलाही बोलावून दाखवला. तिने एकदा फिरवला आणि म्हणाली, "छान आहे. पोतं आत ठेवा."

पहिले दोन रविवार स्वर्गात गेले. तिसर्‍या रविवारी जुन्या कात्रज घाटात आवाज आला. कट्ट. एका फेर्‍याला एक कट्ट. आधी मला वाटलं गुडघा. वयाने ते शक्य होतं. पायडल मारायचं थांबवलं तर आवाज थांबला, पण तो गुडघ्याचाही थांबला असता. उतरून क्रँक हाताने हलवला, तर डावीकडे-उजवीकडे डुगडुगला. उजवा कप चांगला पाव फेरा बाहेर आला होता. पेन्सिल, मूठ, उलटी लोळण, सगळं घाटाच्या कडेला बसून पुन्हा आठवलं. उतारावर पाय न हलवता गेलो आणि शहरातलं उरलेलं अंतर रिक्षात फ्रेम मांडीवर घेऊन. रिक्षावाला म्हणाला, "आटे गेले का साहेब?" मी म्हणालो, "नाही, आलेत. बाहेर."

आता कपाच्या आट्यांना तो निळा, आटे धरून ठेवणारा डिंक लावलाय आणि चाळीसऐवजी पन्नासच्या जवळ जायचं ठरवलंय. म्हणजे वीस किलो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाणसामान येतं, रविवारी सकाळी मी कप तपासतो. परवा बायको यादी करत बसली होती. पेन तोंडात धरून तिने विचारलं, "साखर दोन किलो लिहू का चार? तुमच्या उजव्या बाजूला किती कमी पडतायत?"