त्याला खुर्ची आहेच की!

रविवारी चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी सूचना वाचताना माझे जाहीर आभार मानण्यात आले. कशाबद्दल? तर "तरुण संघाच्या खेळांसाठी खुर्च्या लावल्याबद्दल." खुर्च्या! तीन आठवडे मी वहीत चौकोन आणि बाण काढत बसले होते. आणि मुळात मी खुर्च्या लावल्या नव्हत्याच, सगळ्या उचलून भिंतीला टेकवल्या होत्या. पण पुलपिटावरून एकदा वाचलं गेलं की ते वाचलं गेलं.

काम साधं होतं, म्हणजे ऐकायला. संघातल्या सगळ्या मुलांना खेळता येतील असे खेळ ठरवायचे. एक मुलगा चाकाच्या खुर्चीत. एका मुलीला अंधुक दिसतं. एकाला मोठा आवाज झाला की तो कानांवर हात दाबून कोपऱ्यात जातो. शिवाय चार-पाच जण असे, ज्यांना काहीही झालेलं नाही, फक्त गट पाडताना ते नेहमी शेवटी उरतात.

बैठकीत एक काका होते. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी. ते म्हणाले, "संगीत खुर्ची ठेवा."

"काका, तो मुलगा खुर्चीत असतो."

"म्हणूनच म्हणतो! त्याला खुर्ची आहेच की. गाणं थांबो न थांबो, तो बादच होणार नाही."

मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. दोघांनी माना डोलावल्या, आणि चिटणिसांनी तर ते लिहूनही घेतलं.

"पण मग तो खेळला कुठे?" मी म्हटलं.

"जिंकला ना!"

"आणि बाकीच्यांनी धावायचं?"

काकांनी डोळे मिटून विचार केला. "बरं, मग त्याला गाणं बंद-चालू करायला बसवा. बटण त्याच्या हातात. मानाचं काम आहे ते."

मानाचं काम! हे मानाचं काम मी चांगलं ओळखते. दम्यापायी मी सगळी शाळा गुण लिहिण्यात घालवली. खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला, मांडीवर पाटी, आणि आजूबाजूला धावायला गेलेल्यांच्या चपला, त्याही माझ्याच राखणीत. माझं अक्षर सुधारलं, एवढं मात्र मान्य करते.

काकांची यादी अजून संपली नव्हती. अंधुक दिसणारीला शेवटी गाणं द्या, गळा गोड आहे. आवाज न सोसणारा बाहेर थांबेल, बाहेर हवा छान असते.

संगीत खुर्चीवर माझा राग जुना आहे. वीस मुलं, एकोणीस खुर्च्या. जो सगळ्यांत हळू, तो पहिल्याच फेरीत बाद, आणि मग उरलेल्या अठरा फेऱ्या भिंतीशी उभा राहून टाळ्या वाजवणार. म्हणजे ज्याला खेळायची सर्वांत जास्त गरज, तो सर्वांत कमी खेळतो. हे सगळं त्याच इमारतीत, जिथे आम्ही शेवटले ते पहिले होतील असं शिकवतो. इमारतीचा विषय निघालाच आहे तर सांगते, आमचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे. मार्कच्या शुभवर्तमानात चौघं छप्पर उसकून पक्षाघाती माणसाला येशूपुढे खाली सोडतात. आमच्याकडेही चौघंच लागतात, खुर्चीसकट मुलाला वर चढवायला. दोन हजार वर्षांत प्रगती एवढीच की छप्पर शाबूत राहतं. उतरणीचा रस्ता करायचा विषय "पुढच्या बैठकीत" असतो. तो तिथे इतका काळ आहे की आता त्याला सभासदत्व द्यायला हरकत नाही.

असो. मी आधी एक अतिशय प्रेमळ खेळ आणला. गोल करून बसायचं, चेंडू सरकवायचा, कोणी बाद नाही. पाच मिनिटांनी खुर्चीतल्या मुलाने विचारलं, "ताई, ह्यात हरतं कोण?" कोणीच नाही, म्हटलं. त्याने ज्या नजरेने पाहिलं, तसं काकांनीही कधी पाहिलं नव्हतं. तीन आठवड्यांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग गोलबॉल. 1946 मध्ये, युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी निघालेला खेळ. सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी, चेंडूत घुंगरं, आणि चेंडूचा आवाज ऐकू यावा म्हणून प्रेक्षकांनी चूप बसायचं. आमच्याकडे तो चेंडू कुठला. साधाच चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बांधला, तोही छान चुरचुरत जातो. अंधुक दिसणारीने ओळीने चार गोल मारले. कोपऱ्यातला मुलगा कानांवरचे हात काढून पट्टी मागायला आला. हॉलमध्ये आवाज एकच, काकांच्या फोनचा.

शेवटी बसून खेळायचा व्हॉलीबॉल. पॅरालिम्पिकमध्ये तो 1980 पासून आहे. पुरुषांची जाळी जेमतेम 1.15 मीटर उंच. आम्ही दोरी बांधली. नियम एकच जाचक: चेंडू मारताना बूड जमिनीवरून सुटता कामा नये. खुर्चीतला मुलगा हातांवर भार देत सवयीने खाली उतरला. एक गडी कमी पडला म्हणून काकाही बसले. पहिलाच चेंडू डोक्यावरून जाताना काका झेपावले, आणि पलीकडून तो मुलगा केवढ्यांदा ओरडला, "फाऊल! काका उठले!"

"मी कुठे उठलो?"

"उठलात! मी पाहिलं!"

काका पंच म्हणून माझ्याकडे पाहू लागले. मी फाऊल दिला. तो मुलगा त्यानंतर सलग सहा वेळा ओरडला, त्यातले निदान दोन खोटे होते. मी तेही दिले. खेळ संपल्यावर काकांना खरोखरच उठता येईना, तेव्हा त्यांना उभं करायला चौघं लागले.

रविवारच्या सूचना काकांनीच वाचल्या. बाहेर पडताना मी त्यांना गाठलं. "काका, मी खुर्च्या लावल्या नव्हत्या. काढल्या होत्या."

"तेच ते," ते कंबर धरून म्हणाले, आणि वही काढून पुढच्या महिन्याच्या पानावर लिहिलं: संगीत खुर्ची. समोर माझं नाव.